बोवीने गाणी गहाण ठेवली, विकली नाहीत

डिसेंबर 2020 मध्ये बॉब डिलनने आपल्या गाण्यांचे हक्क युनिव्हर्सल या संगीत कंपनीला विकले. पुढच्या वर्षी ब्रूस स्प्रिंगस्टीनने सोनीशी तसाच सौदा केला. 2022 च्या जानेवारीत ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या वारसांनी त्याच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क वॉर्नर चॅपेलला दिले, आणि फेब्रुवारीत स्टिंग युनिव्हर्सलकडे गेला. दर वेळी तोच वाद पेटला. एक बाजू म्हणते, कलावंत विकला गेला; ज्या गाण्यांवर आम्ही वाढलो ती आता मोटारींच्या जाहिरातींत वाजणार. दुसरी बाजू म्हणते, गाणं त्याचं, मर्जी त्याची, तुम्ही कोण विचारणारे? पुरावा म्हणून मात्र दोन्हीकडचे एकच उदाहरण पुढे करतात, 1997 चे ‘बोवी बाँड’, म्हणजे बोवीने आपल्या गाण्यांच्या येण्यावर काढलेले कर्जरोखे. पहिल्यांच्या मते बोवीने कलेचा बाजार मांडला. दुसऱ्यांच्या मते गाणी विकण्याचा रस्ता त्यानेच सगळ्यांच्या आधी दाखवला. दोघांचीही चूक एकच आहे. बोवीने 1997 मध्ये एकही गाणं विकलं नव्हतं.

शेत विकणं आणि शेत गहाण ठेवणं यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. खरेदीखत झालं की सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. गहाण असेल तर कर्ज फिटल्यावर बोजा उतरतो आणि जमीन पुन्हा मोकळी होते. बोवीने दुसरं केलं, आणि दहा वर्षांनी बोजा उतरवलाही. हा फरक पुसून जो वाद चालतो त्यातून काही निष्पन्न होणं शक्य नाही. माझं म्हणणं असं आहे की, कलावंताने गाणी विकावीत की नाही हा नंतरचा प्रश्न आहे. विकायला त्याच्या हातात काही उरलेलं असतं का, हा आधीचा. बहुतेकांच्या हातात काही उरत नाही, कारण सही विशी-पंचविशीत झालेली असते. म्हणून गाण्याच्या उत्पन्नातला एक वाटा असा असला पाहिजे, जो कलावंताला स्वतःलाही विकून टाकता येणार नाही. बोवीचं आयुष्य हा या म्हणण्याचा सर्वांत तपशीलवार पुरावा आहे: त्याने हक्क गमावले, त्यासाठी भांडला, ते परत मिळवले, आणि या साऱ्याचे कागद मागे राहिले.

आधी हे ‘हक्क’ म्हणजे नेमकं काय ते पाहू, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक. तिचा हक्क गीतकार-संगीतकाराचा, आणि बहुतेक वेळा त्यांच्या प्रकाशकाचा. त्या गाण्याचं विशिष्ट ध्वनिमुद्रण ही दुसरी. तिला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात आणि ती बहुधा कंपनीची असते. 1977 चं ‘हीरोज’ घ्या. बर्लिनमध्ये, भिंतीला लागून असलेल्या हान्सा स्टुडिओच्या मोठ्या दालनात निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने बोवीच्या आवाजासाठी तीन मायक्रोफोन लावले: एक तोंडापासून नऊ इंचांवर, दुसरा वीस फुटांवर, तिसरा पन्नास फुटांवर. लांबच्या दोन मायक्रोफोनना गेट बसवले होते, म्हणजे ठरावीक पातळीच्या वर आवाज गेल्याशिवाय ते उघडत नसत. बोवी हळू गात असेपर्यंत फक्त जवळचा मायक्रोफोन चालू. त्याने आवाज चढवला की दुसरा उघडायचा, ओरडला की तिसरा, आणि त्याबरोबर अख्ख्या दालनाची गुंज आत यायची. शेवटच्या कडव्यांत जो जीव तोडून गायल्याचा भास होतो, तो असा तयार झाला. ही गुंज मास्टरमध्ये आहे, चालीत नाही. दुसऱ्या कुणी ‘हीरोज’ गायलं तर पैसे चाल आणि शब्द ज्यांच्या नावावर आहेत त्यांना, म्हणजे बोवी आणि ब्रायन ईनो यांच्या बाजूला जातात. बोवीचंच ध्वनिमुद्रण चित्रपटात वापरायचं तर मात्र दोन परवाने लागतात, एक प्रकाशकाचा आणि एक मास्टरच्या मालकाचा. गाणं विकलं असं कुणी म्हणालं, की पहिला प्रश्न विचारायचा: यातलं कुठलं?

हा धडा बोवीला फार लवकर मिळाला. 1968 मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याला एका फ्रेंच गाण्यासाठी इंग्रजी शब्द लिहायचं काम मिळालं. त्याने ते लिहिले, पण वापरले गेले नाहीत. दरम्यान पॉल अँकाने त्या गाण्याचे हक्क मिळवले, स्वतःचे शब्द लिहिले, आणि फ्रँक सिनात्राच्या आवाजात ते ‘माय वे’ म्हणून जगभर गेलं. बोवीने त्याची भरपाई 1971 मध्ये ‘लाइफ ऑन मार्स?’ रचून केली आणि अल्बमच्या वेष्टनावर ‘फ्रँकी’पासून, म्हणजे सिनात्रापासून, प्रेरणा घेतल्याची नोंदही केली. कुणाचे शब्द सरस, हा मुद्दा इथे नाही. कागद ज्याच्या हातात, गाणं त्याचं, हे त्याने एका फटक्यात पाहिलं. तरीही 1968 च्या त्या अनुभवानंतर दोनच वर्षांनी, 1970 मध्ये, त्याने टोनी डेफ्रीज नावाच्या व्यवस्थापकाच्या हाती स्वतःला सोपवलं. अनुभवी माणूसही उमेदीच्या काळात कसल्या सह्या करतो, ते यातून दिसतं.

डेफ्रीजची कंपनी मेनमन. 1972 मध्ये ‘झिगी स्टारडस्ट’ हा अल्बम आणि बोवीने मंचावर उभं केलेलं त्यातलं झिगी हे पात्र गाजलं, जुलैत ‘स्टारमन’ बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर दिसलं आणि बोवी घराघरात पोचला. त्याच वर्षीच्या अमेरिकादौऱ्यात भलामोठा ताफा बेव्हर्ली हिल्स हॉटेलात उतरत होता आणि बिलं रेकॉर्ड कंपनी आरसीएच्या नावावर पडत होती. पण कंपनी असा खर्च स्वतःच्या खिशातून करत नाही. तो उचल म्हणून लिहिला जातो आणि कलावंताच्या रॉयल्टीतून वळता होतो. बोवीची समजूत होती की मेनमनमध्ये आपली निम्मी भागीदारी आहे. करारात लिहिलेलं वेगळंच होतं: निम्मा वाटा त्याच्याच कमाईतला, आणि तोही खर्च वजा गेल्यावर. कंपनीची कार्यालयं, नोकरचाकर, मेनमनच्या इतर कलावंतांवर झालेला खर्च, सगळं बोवीच्या कमाईवर चाललेलं. जुलै 1973 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनच्या मंचावरून झिगीला निरोप देणारा, ब्रिटनमधला तेव्हाचा सर्वांत चर्चेतला गायक हा हिशेबाने आपल्याच कंपनीचा देणेकरी होता. 1975 च्या सुरुवातीला त्याने डेफ्रीजशी संबंध तोडले. तडजोडीत डेफ्रीजचा जुन्या ध्वनिमुद्रणांच्या उत्पन्नातला हिस्सा कायम राहिला, आणि 1982 पर्यंतच्या नव्या कमाईतही त्याला वाटा मिळत राहिला. ‘लो’, ‘हीरोज’, ‘स्केरी मॉन्स्टर्स’ या अल्बमांत डेफ्रीजचा काडीचाही हात नव्हता, तरी त्यांच्या पैशांत वाटा होता. जॉन लेनन आणि कार्लोस अलोमार यांच्यासह रचलेलं ‘फेम’ 1975 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या गाण्यातली चीड याच वर्षांची आहे.

मात्र या प्रकरणात एक गोष्ट डेफ्रीजच्या बाजूने नोंदवायलाच हवी, आणि ती सोडून देणारे बोवीचे भक्त वाद कमकुवत करतात. आरसीएशी करार करताना डेफ्रीजने मास्टर आरसीएच्या मालकीचे होऊ दिले नाहीत. ते मेनमनकडे ठेवून कंपनीला मुदतीच्या परवान्याने दिले. त्या काळात जवळपास सगळे कलावंत मास्टर कंपनीला कायमचे देऊन टाकत होते. डेफ्रीजने हे बोवीच्या प्रेमापोटी केलं नसेल, स्वतःच्या वाट्यासाठी केलं असेल. पण परिणाम असा झाला की मुदत संपल्यावर ध्वनिमुद्रणं परत यायची होती. 1997 मध्ये बोवीकडे गहाण ठेवायला जे काही होतं, ते या एका कलमामुळे होतं. त्याला लुबाडणारा करार आणि त्याला वाचवणारं कलम एकाच माणसाच्या हातचं आहे. म्हणूनच भला व्यवस्थापक आणि वाईट व्यवस्थापक अशी मांडणी मला पुरेशी वाटत नाही. कलावंताचं म्हातारपण समोरचा माणूस कसा निघतो यावर का अवलंबून असावं?

आता बाँड. 1997 मध्ये बोवीने 1990 पूर्वीच्या 25 अल्बमांमधून येणाऱ्या रॉयल्टीवर 5 कोटी 50 लाख डॉलरचे रोखे काढले. मुदत दहा वर्षं, व्याज 7.9 टक्के. अमेरिकी सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांवर तेव्हा साडेसहा टक्क्यांच्या आसपास मिळत होतं, म्हणजे बोवीला सरकारपेक्षा फार महाग पडलं नाही. हे रोखे किरकोळ गुंतवणूकदारांनी घेतले नव्हते. प्रुडेन्शियल या विमा कंपनीने सगळेच्या सगळे घेतले. त्याच सुमारास ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने हे अल्बम वितरित करण्याचा पंधरा वर्षांचा परवाना घेतला, त्यामुळे रोख्यांमागे ठरावीक येणं उभं राहिलं. कर्जदारांची पत ठरवणाऱ्या मूडीज या संस्थेने त्यांना ए3 हा मानांकनदर्जा दिला. पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच 43 लाख डॉलरच्या घरात जातं. ते आणि मुद्दल रॉयल्टीतून फेडायचं. रॉयल्टी कमी पडली असती तर गाणी धोक्यात होती. हातात आलेली रक्कम कर्ज होती, उत्पन्न नव्हे, म्हणून विक्रीवर जसा कर बसतो तसा तिच्यावर बसत नव्हता. या पैशांतून बोवीने डेफ्रीजचा उरलेला हिस्सा विकत घेतला. बाजार मांडल्याची टीका करणारे नेमकी हीच गोष्ट विसरतात: त्याने बाजारात जाऊन पैसा आणला, तो आपल्या गाण्यांवरचा परक्याचा हक्क संपवण्यासाठी.

पुढे काय झालं? 1999 मध्ये इंटरनेटवर गाणी फुकट वाटून घेण्याची नॅपस्टर ही सेवा आली आणि तबकड्यांची विक्री घसरत गेली. मार्च 2004 मध्ये मूडीजने या रोख्यांना बीएए3 वर आणलं, म्हणजे सट्टेबाजीच्या श्रेणीच्या एकच पायरी वर. विक्री घटली होती, आणि रोख्यांना आधार देणाऱ्या कंपनीची पतही उतरली होती. तेव्हापासून ‘बोवी बाँड फसले’ हे वाक्य रूढ झालं. पण फसले म्हणजे काय? एकही हप्ता चुकला नाही. 2007 मध्ये मुदत संपली, रोखे फिटले, उत्पन्न पुन्हा बोवीकडे वाहू लागलं. जोखीम प्रुडेन्शियलने उचलली होती आणि तिचं व्याज तिला मिळालं. मालकी एका दिवसासाठीही हलली नाही.

याच्या शेजारी नॉर्दर्न साँग्ज ठेवून पाहा. बीटल्सच्या लेनन आणि मॅकार्टनी यांची गाणी ज्या प्रकाशन कंपनीत होती, ती 1965 मध्ये लंडनच्या शेअरबाजारात नोंदली गेली. कर वाचवणं हे त्यामागचं एक मोठं कारण. दोघांकडे प्रत्येकी 15 टक्के राहिले, तर प्रकाशक डिक जेम्स आणि त्याचा भागीदार यांच्याकडे 37.5 टक्के. 1969 मध्ये जेम्सने आपला हिस्सा एटीव्ही या ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीला विकला. दोघांनी कंपनी वाचवायची धडपड केली, पण उपयोग झाला नाही. 1985 मध्ये मायकल जॅक्सनने 4 कोटी 75 लाख डॉलरला एटीव्हीचा संग्रह घेतला, आणि मॅकार्टनीला आपलीच गाणी दुसऱ्याच्या ताब्यात पाहावी लागली. दोन्ही प्रसंगी गाण्यांवर बाजारातून पैसा उभा केला गेला. एकात शेअर गेले आणि शेअरबरोबर मालकी. दुसऱ्यात रोखे गेले आणि मालकी जागेवर राहिली. बीटल्सपेक्षा बोवी हुशार होता असं मी म्हणत नाही. त्याच्यासमोर बत्तीस वर्षांचे दाखले होते आणि स्वतः खाल्लेला मार होता. पंचविशीतल्या लेननसमोर काय होतं?

आता विरुद्ध बाजूचं सर्वांत भक्कम म्हणणं घेऊ. कंपनी जोखीम घेते. दहा अल्बम काढले तर बहुतेक बुडतात आणि एखाद-दुसरा सगळ्यांचा खर्च भरून काढतो. त्या एका गाजलेल्या अल्बमची मालकी कंपनीला मिळाली नाही, तर बाकीचे नऊ ती काढणारच नाही आणि नवे कलावंत घरी बसतील. हे खोटं नाही. बोवीचा पहिला अल्बम 1967 मध्ये डेराम कंपनीने काढला आणि तो चालला नाही. पैसे डेरामचे गेले. आरसीएने पैसा ओतला नसता तर झिगी इतका दूर गेला असता का, अशी शंका रास्त आहे. पण जोखमीची किंमत म्हणजे कायमची मालकी, हे कुठून आलं? इमारतीला कर्ज देणारी बँकही जोखीम घेते. हप्ते फिटल्यावर इमारत तिच्या नावावर राहत नाही. रेकॉर्डच्या धंद्यात मात्र ध्वनिमुद्रणाचा सगळा खर्च कलावंताच्या रॉयल्टीतून वळता झाल्यावरही मास्टर कंपनीचाच राहतो. मुदतीचा परवाना हा यावरचा तोडगा आहे. तो व्यवहारात चालतो, हे 1970 च्या दशकात आरसीएनेच दाखवून दिलं आहे. त्या परवान्यावर कंपनीने भरपूर कमावलं.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. सज्ञान माणसाला आपला हक्क विकायला कायद्याने मनाई का करावी? गायक काय लहान मूल आहे? शिवाय न विकता येणारा वाटा ठेवला तर त्या मानाने विक्रीची किंमत कमी मिळेल, तरुण कलावंताची उचल घटेल, आणि आज भाडं भरायला पैसे हवे असणाऱ्याचंच नुकसान होईल. हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो, कारण नुकसान खरोखरच होईल. उत्तर गाण्याच्या स्वभावात आहे. जमिनीची, घराची, सोन्याची किंमत सही करतानाच दोन्ही बाजूंना साधारण कळते. गाण्याची कळत नाही. ‘हीरोज’ आज बोवीची ओळख मानलं जातं. 1977 मध्ये ब्रिटनच्या यादीत ते 24 व्या क्रमांकापुढे गेलं नाही. ‘स्पेस ऑडिटी’ 1969 मध्ये पाचव्या क्रमांकावर थांबलं आणि 1975 मध्ये पुन्हा काढल्यावर पहिलं आलं. ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’ हे 1970 च्या, फारसा न खपलेल्या अल्बममधलं गाणं. 1993 मध्ये निर्वाणा या अमेरिकी रॉक बँडने ते गायलं आणि एका नव्या पिढीला ते माहीत झालं. त्या निर्वाणाच्या मास्टरवर बोवीचा काही हक्क नव्हता. शब्द आणि चाल त्याची होती म्हणूनच त्याला त्यातून मिळालं. तेवीस वर्षांनंतरची ही मिळकत 1970 मध्ये कुणी कशी मोजणार होतं? आणि मोजता येत नसताना ठरलेली एकरकमी किंमत बरोबरीच्या सौद्याची कशी मानायची? कंपनीकडे शेकडो गाणी असतात, एक अंदाज चुकला तर दुसरं तारून नेतं. कलावंताकडे मोजकीच असतात. ही विषमता करारस्वातंत्र्याच्या नावाने झाकता येत नाही.

वाटा हातात राहिला तर काय होतं, त्याचंही उदाहरण बोवीच्याच आयुष्यात आहे. ‘चायना गर्ल’ त्याने आणि त्याचा मित्र, गायक इगी पॉप याने मिळून रचलं. 1977 च्या इगीच्या अल्बममध्ये ते आलं आणि विसरलं गेलं. 1982 च्या डिसेंबरात नाइल रॉजर्सच्या निर्मितीत, न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत, जेमतेम अडीच आठवड्यांत ‘लेट्स डान्स’ अल्बम तयार झाला आणि बोवीने त्यात हे गाणं पुन्हा घेतलं. 1983 मध्ये आलेला तो अल्बम प्रचंड खपला. तेव्हा व्यसनं आणि पैशांची चणचण यांत अडकलेल्या इगीला सहरचनाकार म्हणून मिळालेली रॉयल्टी आधार ठरली. बोवीची मैत्री त्यात होतीच, पण ती पैशांच्या रूपाने इगीच्या दारात पोचली, कारण त्याने आपला वाटा आधीच विकून टाकला नव्हता.

तिसरा आक्षेप खुद्द बोवीच्या तोंडचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. 2002 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला दिलेल्या मुलाखतीत त्याने भाकीत केलं होतं की संगीत नळाच्या पाण्यासारखं आणि विजेसारखं होईल, दहा वर्षांत कॉपीराइट उरणारच नाही, आणि गायकांनी भरपूर दौरे करायची तयारी ठेवावी, कारण तेवढीच गोष्ट अनन्य उरणार आहे. मग हक्क जपायचे कशाला? भाकिताचा पहिला भाग अचूक ठरला. आज महिन्याचे पैसे भरून सगळं संगीत घरात येतं. दुसरा साफ चुकला. कॉपीराइट नाहीसा झाला नाही. उलट वीस वर्षांनी त्याच्याच गाण्यांच्या प्रकाशनहक्कांसाठी वॉर्नर चॅपेलने 25 कोटी डॉलरहून अधिक मोजल्याच्या बातम्या आल्या. आणि तिसऱ्या भागाचं उत्तर त्याच्या स्वतःच्या शरीराने दिलं. जून 2004 मध्ये जर्मनीतल्या एका महोत्सवात गाताना त्याला त्रास झाला, हृदयाची धमनी बंद झाल्याचं निघालं, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर 10 जानेवारी 2016 ला निधन होईपर्यंत त्याने एकही दौरा केला नाही. ‘गाणी फुकट वाटा, कार्यक्रमांवर जगा’ असा सल्ला कलावंतांना सर्रास दिला जातो. ज्याची धमनी बंद झाली, ज्याचा आवाज गेला, जिच्या घरी तान्हं मूल आहे, त्यांनी काय करायचं? बोवीला ती बारा वर्षं शांतपणे जगता आली, ‘द नेक्स्ट डे’ हा अल्बम कुणाला न कळवता तयार करता आला, आजारपणात ‘ब्लॅकस्टार’ हा अल्बम आणि ‘लाझरस’ हे संगीतनाटक पुरं करता आलं, यामागे जुन्या गाण्यांचं येणं उभं होतं.

अभिनेता म्हणून त्याची स्थिती याच्या उलट होती, आणि तुलना उद्बोधक आहे. निकोलस रोगच्या ‘द मॅन हू फेल टू अर्थ’पासून ओशिमाच्या ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’पर्यंत आणि ‘द प्रेस्टीज’मधल्या निकोला टेस्लापर्यंत तो उत्तम नट होता; 1980 मध्ये ब्रॉडवेवर ‘द एलिफंट मॅन’मधलं विरूप शरीर त्याने कोणत्याही कृत्रिम मुखवट्याशिवाय, केवळ अंगाच्या वळणातून उभं केलं. पण मानधन मिळालं की नटाचा संबंध बहुधा संपतो, चित्रपट निर्मात्याचा. उलट ‘लॅबिरिंथ’साठी त्याने रचलेली गाणी रचनाकार म्हणून त्याच्या खात्यावर राहिली. एकाच चित्रपटात एकाच माणसाच्या दोन प्रकारच्या श्रमांना कायदा दोन वेगळे न्याय लावतो.

आपल्याकडे हाच वाद 1960 च्या दशकात झाला. लता मंगेशकर यांचं म्हणणं होतं की पार्श्वगायकांनाही गाण्याच्या कमाईत वाटा हवा. महंमद रफींना वाटे की मेहनताना मिळाला की गायकाचा दावा संपतो. दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंही थांबवलं. तेव्हा रफींचं म्हणणं अनेकांना सज्जनपणाचं वाटलं, आणि त्यात सज्जनपणा होताही. पण धंद्याचे नियम सज्जनांच्या समाधानावर ठरले, की त्याचा फायदा सज्जन नसलेल्यांना होतो. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात काहीच संरक्षण नसल्याची खंत नोंदवली. पस्तीस वर्षांनी, 2012 मध्ये, राज्यसभेत असलेल्या जावेद अख्तर यांच्या पाठपुराव्यानंतर कॉपीराइट कायदा बदलला. आता चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या गाण्याचे गीतकार आणि संगीतकार रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सोडून देऊच शकत नाहीत. तो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडे जाऊ शकतो, आणि त्याविरुद्धचा करार रद्दबातल ठरतो. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर वाजणारं गाणं तेवढं याला अपवाद. बोवीने वकील, तडजोडी आणि विमा कंपनी यांच्या मदतीने बावीस वर्षांत जे मिळवलं, त्यातलं मूळ तत्त्व आपल्या कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये या स्वरूपात ते आजही नाही.

तरी कायद्यातल्या वाक्याने कुणाच्या खात्यात पैसे जमा होत नाहीत. इंटरनेटवर गाणी टाकणाऱ्या मराठी मुलामुलींच्या करारांत आजही ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असं लिहिलेलं असतं आणि बदल्यात एकरकमी मेहनताना असतो. हक्क सोडता येत नाही, हे खरं. पण आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घेतलं नाही, गाण्याची नोंद केली नाही, नोंदीत गीतकाराचं नाव चुकलं किंवा दोघांतली टक्केवारी लिहिली नाही, तर गोळा झालेली रॉयल्टी पोचणार कुणाकडे? गाणं प्रसिद्ध होण्याआधी रचनाकारांनी टक्केवारीचा एक साधा कागद करून त्यावर सह्या कराव्यात. ‘चायना गर्ल’ला सहा वर्षांनी पैसे आले तेव्हा इगीचं नाव कागदावर होतं.

आणि एक गोष्ट बोवीच्या विरोधात. ‘लाइफ ऑन मार्स?’मधलं तंतुवाद्यांचं सारं संयोजन बोवीचा गिटारवादक मिक रॉन्सन याचं आहे, पियानो रिक वेकमनचा. गाण्याचा तो अंगावर येणारा चढ रॉन्सनच्या लेखणीतून उतरला. रचनाकार म्हणून नाव मात्र एकट्या बोवीचं. ‘फेम’मध्ये अलोमारला, ‘फॅसिनेशन’मध्ये लूथर वॅन्ड्रॉसला श्रेय मिळालं, रॉन्सनला मिळालं नाही, आणि 1993 मध्ये तो गेला. मुंबईच्या स्टुडिओंत हेच काम गोव्याच्या वादकांनी केलं. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन अनेक वर्षं केलं. अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी इतरांचं. ती गाणी सुरू होताच आपण ज्या व्हायोलिनांवरून ओळखतो, त्या स्वरपंक्ती त्यांनी कागदावर उतरवल्या. 2012 च्या दुरुस्तीतला न सोडता येणारा वाटा गीतकार आणि संगीतकार यांचा आहे. संयोजकाला कायदा रचनाकार म्हणत नाही, त्यामुळे त्या वाट्यात त्याचं नाव येत नाही, आणि ज्यांच्या नावावर हक्क आहेत त्यांनी कागदावर लिहून दिल्याशिवाय ते येणारही नाही.